विचारल्यामुळे झालेला जगन

"कुणाच्या घरी पदर खोचायच्या आधी बघत जा गं, चूल कशाची आहे आणि पंगत कुठे बसायची आहे. मग हात घाल."

सासूबाईंनी हे मला सांगितलं तेव्हा मी त्यांच्या खडवलीच्या मैत्रिणीच्या, शेवंतीमावशींच्या, स्वयंपाकघरात उभी होते आणि माझ्या हातात पुरणाचं काळं ठिक्कर पडलेलं पातेलं होतं. मी गॅसवर शिकलेली. चुलीला बारीक करायची कळ नसते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आता सासूबाई नाहीत. पातेलं मावशींकडे अजून आहे, आणि मी गेले की त्या मला त्याच पातेल्यातून पाणी देतात. मनात काही नसतं त्यांच्या, पण मला ते गोड लागत नाही.

सासूबाई चातुर्मासात कहाण्या सांगायच्या. या कहाण्या छापील मिळत नाहीत. त्यांच्या कहाणीतला राजा भातसा नदी ओलांडतो, नावडती राणी कल्याणच्या बाजारात केळीचं पान शोधत फिरते, आणि देव प्रसन्न झाला तरी आधी "जेवलीस का" म्हणून विचारतो. मला त्या सगळ्या पाठ. या वर्षी आषाढात मावशींनी मला जवळ बसवलं. त्यांच्या नेमाचं उद्यापन कार्तिकातल्या द्वादशीला.

"मुलगा म्हणतो, तू फोनवर सांग, तो फोन माझ्या कानाशी धरील," मावशी म्हणाल्या. "पण उद्यापनाची कहाणी आपली आपण वाचायची असते, बाई. कानाशी धरली ती बातमी झाली. डॉक्टर म्हणाला, पुढच्या वर्षी डोळ्यांचं काही सांगता येत नाही. अक्षर मात्र हरभऱ्याएवढं पाहिजे हो."

"हरभऱ्याएवढं," मी म्हणाले. "द्वादशीला सकाळी तुमच्या हातात."

एवढंच काम होतं. एक पुस्तिका, मोठं अक्षर, एका म्हातारीच्या हातात द्यायची. याच्यातून एक माणूस जन्माला येईल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला साखर देऊन घरी पाठवलं असतं.

आता हे सांगायला हवं की अक्षरजुळणी मला नवी नाही. नौपाड्यात सहदेवरावांच्या छापखान्यात मी गणिताच्या पुस्तकांची जुळणी करायचे. लोक सगळ्यालाच डीटीपी म्हणतात, मी कधी दुरुस्त केलं नाही, बोलून कुणाचं मन कशाला मोडा. आमची पद्धत वेगळी असते. आपण मजकूर आणि सूचना लिहायच्या, की इथे शीर्षक, इथे मोठं अक्षर, आणि मग एक इंजिन ते सगळं वाचून पानं तयार करतं. नेहमी लागणाऱ्या सूचनांची आपण पुरचुंडी बांधून ठेवतो, तिला मॅक्रो म्हणतात. एकदा बांधली की नुसतं नाव घ्यायचं. नामस्मरणासारखंच आहे ते, म्हणून मला आवडतं.

फक्त इंजिनं एकापेक्षा जास्त असतात, आणि त्यांचं आपसात पटत नाही. इथे सासूबाईंची चूल येते.

मी घरी, डोंबिवलीत, सगळ्या कहाण्या जुळवल्या. पानं सुरेख दिसली. मी तयार पानंच पाठवणार होते, पण सहदेवराव म्हणाले, "वहिनी, मूळ फाइल द्या. शिलाईची जागा आम्हाला सोडावी लागते. आणि एका प्रतीसाठी मशीन लावता येत नाही, गठ्ठाच काढावा लागेल." दिली. चार दिवसांनी त्यांचा फोन आला.

"वहिनी, मजकूर मागाहून येणार आहे का?"

मी गाडी पकडून नौपाड्यात गेले. त्यांनी माझ्यापुढे पानं ठेवली. पानांवर पूर्णविराम होते. स्वल्पविराम होते. अवतरणचिन्हं जिथल्या तिथे उघडून मिटली होती. खाली पृष्ठांक. मराठीचं एक अक्षर नव्हतं. राजा, राणी, नदी, देव, सगळे गेलेले, आणि ते ज्या ज्या जागी थांबले होते तिथे एकेक टिंब.

मी तिथल्या कागदाच्या गठ्ठ्यावर बसले.

"मौनव्रताची पोथी म्हणून चालेल," सहदेवराव म्हणाले. सज्जन माणूस आहे, चेष्टा करतानाही चष्मा काढून करतो.

त्यांच्याकडे जुनं इंजिन चालू होतं. त्याला गणित उत्तम येतं, मराठीतलं ओ की ठो कळत नाही. जे कळलं नाही ते त्याने गाळलं आणि जे कळलं ते, म्हणजे टिंबं, ते मनापासून छापलं. सहदेवराव म्हणाले की झीटेक नावाचं नवं इंजिनही आहे त्यांच्याकडे, पण कुठलं कधी चालू असेल ते सांगता येत नाही, ज्याचा हात लागेल त्याच्यावर. मला सासूबाई आठवल्या. माझ्या मॅक्रोने आधी बघायला हवं होतं, चूल कुठली. जुनं इंजिन दिसलं तर तिथेच थांबून नम्रपणे सांगायला हवं होतं, की बाबा, इथे नाही जमायचं.

तसा मॅक्रो लिहायला मी घरी येऊन बसले, आणि इथे माझी चूक एवढीच झाली की आमच्या ह्यांनी दार उघडं ठेवलं.

आमच्या सोसायटीत दार उघडं दिसलं की सल्ला आत येतो. आधी वरच्या मजल्यावरची रसिका आली. बँकेत असते, लाघवी आहे, बोलते फार भराभर. "काकू, पुस्तक कोण वाचतं आता? मोबाइलवाली कॉपी पण काढा ना. मी ग्रुपवर टाकते, सगळ्यांना पोचेल. एकदम छोटा फॉण्ट ठेवा, लोक झूम करतात." मग तिच्या मागून सेक्रेटरी साईनाथ. हा आमच्या ह्यांच्याबरोबर कट्ट्यावर बसणारा. सोसायटीचं काम नसलं तर त्याला अन्न गोड लागत नाही.

"वहिनी, मोबाइलवर पाठवणारच आहात तर एक काम करा," तो म्हणाला. "नोटीस बोर्ड कोणी वाचत नाही. कहाणी सगळे वाचतात. प्रत्येक कहाणीच्या शेवटी एक ओळ टाका, रविवारी पाण्याची टाकी धुणार आहे, पाणी भरून ठेवावे. देवाच्या नावाखाली वाचतील तरी."

मला नाही म्हणता येत नाही. लहानपणापासून येत नाही. मी हसले, आणि आमच्या सोसायटीत हसणं म्हणजे ठराव मंजूर.

"आणि अगं, कागदाच्या पुस्तकात ते जाऊ देऊ नकोस," हे म्हणाले. तेवढं मात्र शहाणपणाचं बोलले.

तेव्हा आता मॅक्रोला दोन गोष्टी बघायच्या होत्या: चूल कुठली आणि पंगत कुठे. कागदाची पंगत असेल तर मोठं पान, हरभऱ्याएवढं अक्षर, शेवटी आशीर्वाद. मोबाइलची असेल तर मोहरीएवढं अक्षर आणि टाकी. मोबाइलची प्रत मी घरी लुआटेक नावाच्या इंजिनावर काढायचं ठरवलं, कागदाची सहदेवराव झीटेकवर काढणार होते. मी म्हटलं, सोपं आहे. लुआटेकजवळ एक नाव असतं, ते झीटेकजवळ नसतं. जन्मखूणच म्हणा. मॅक्रोने विचारायचं, या नावाचं इथे कुणी आहे का? हो म्हणाले तर लुआ, म्हणजे मोबाइल. नाही म्हणाले तर कागद. करून पाहिलं, चाललं. देवाला साखर ठेवली.

साईनाथ अजून बसलाच होता. "वहिनी, एकदा विचारून भागत नाही. माझा अनुभव आहे. टाकीवाल्याला मी एकदाच विचारलं होतं, येणार का, हो म्हणाला, आला नाही. कुठलीही गोष्ट दोनदा विचारायची."

मला ते पटलं. त्यात वाईट काय होतं, सांगा. म्हणून पानाचा आकार ठरवताना एकदा विचारलं, आणि पुढे अक्षर आणि शेवटची ओळ ठरवताना जरा वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारलं. तोच प्रश्न आहे म्हणून पुन्हा चालवून पाहिलं नाही. फाइल सहदेवरावांना पाठवली आणि निजले.

इथून पुढे जे झालं त्याला मी अजून हादरलेली आहे, त्यामुळे क्रम चुकला तर सांभाळून घ्या.

चातुर्मासात माझे काही नेम असतात. त्यातला एक मौनाने जेवायचा. पानावर बसल्यापासून उठेपर्यंत तोंडातून शब्द नाही, खाणाखुणा नाहीत, कारण हाताने बोललेलंही बोलणंच. सासूबाई तर त्या वेळी भुवईसुद्धा स्थिर ठेवायच्या. मी पानावर बसले आणि इंटरकॉम वाजला. ह्यांनी घेतला. खालून आमचे दगडूभाऊ वॉचमन बोलत होते.

"साहेब, जगन आपल्याकडे का? पाकीट आलंय."

"जगन? आमच्याकडे कोणी जगन नाही बाबा."

मी भात कालवत होते. मलाही कुणी जगन माहीत नव्हता. तिथे विषय संपायला हवा होता. पण आमचे हे सेवानिवृत्त आहेत. त्यांनी फोन घेतला आणि सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं, "आपल्या इमारतीत जगन नावाचे कोणी राहतात का?"

माझा ताकभात व्हायच्या आत उत्तरं सुरू झाली. हे मला वाचून दाखवत होते, मी ऐकत होते, ऐकायला नेमाची आडकाठी नाही.

एकाने लिहिलं, जगन म्हणजे ते नवीन भाडेकरू असावेत. दुसऱ्याने विचारलं, कुठल्या मजल्यावरचे? तिसऱ्याने लिहिलं, मजला माहीत नाही पण भाडेकरूची माहिती सेक्रेटरीकडे असायला हवी, ती का नाही? साईनाथला हे झोंबलं. त्याने लिहिलं, माहिती मागवली आहे. झालं. ज्याची माहिती मागवली आहे तो माणूस नसेल कसा?

संध्याकाळी मी तुळशीला दिवा लावून खाली उतरले तर तळमजल्यावरच्या ठमाबाई दारातच. ऐंशीच्या घरातल्या आहेत, सगळ्यांचं चांगलं बघतात.

"जगन का? अगो, मला परवा जिन्यात भेटला की. वाकून नमस्कार केला हो त्याने. सालस आहे पोर. लग्नाचं बघतायत का कोणी त्याचं?"

मी म्हटलं, "ठमाबाई, तो कोणी दुसरा असेल."

"दुसरा कोण? तू नाव सांग."

मला दुसरं नाव सांगता आलं नाही. मग तो जगनच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगमध्ये एक स्कूटर आडवी लावलेली होती, ती जगनची ठरली. जिन्यातली कुंडी फुटली, ती जगनच्या सामानाच्या धक्क्याने. साईनाथने बोर्डावर नोटीस लावली, "श्री. जगन यांनी आपली कागदपत्रे त्वरित सादर करावीत." आणि पाकीट? ते सोसायटीच्या कपाटात कुलपात गेलं. दुसऱ्याचं टपाल, ज्याचं त्यालाच मिळणार. नियम म्हणजे नियम.

मी सांगते, हे बघून माझी वाचाच बसली. मौनाचा नेम नसता तरी बसली असती. माझ्या डोळ्यांदेखत, सगळ्या सुशिक्षित लोकांत, एका माणसाचं नुसतं नाव घेतलं आणि त्याला सामान, स्कूटर, चारित्र्य सगळं मिळालं.

त्याच आठवड्यात पुन्हा मी पानावर. हे आंघोळीला. फोन वाजायला लागला, थांबेना. माझ्या मनात आलं, खडवलीहून तर नसेल, मावशींना काही झालं तर नसेल. नुसतं ऐकावं म्हणून बटण दाबलं.

"वहिनी, सहदेव बोलतोय. प्रूफ बघितलंत ना? तुमचं काही उत्तर नाही म्हणून फोन केला. छापायला घेऊ ना?"

प्रूफ. माझ्यापर्यंत प्रूफ आलंच नव्हतं. मला ओरडून सांगायचं होतं, थांबा. पण पानावर होते. आमटीची वाटी समोर होती. मी चमचा घेतला आणि वाटीवर जोरजोरात मारायला लागले, की त्यांना कळावं, काही तरी चुकतंय.

मग सहदेवराव आवाज खाली आणून म्हणाले, "आरती चाललीय वाटतं. चालू द्या, चालू द्या. आरतीच्या वेळी होकार म्हणजे शुभच. घेतो छापायला."

मी आणखी जोरात वाजवलं.

"मंगलमूर्ती मोरया," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

हे ओल्या अंगाने बाहेर आले. "अगं, वाटी का बडवतेस? आमटी हवी तर सांग." मी कशी सांगणार. मी तशीच भराभर जेवले, आचवले, फोन लावला, तर सहदेवरावांचा फोन बंद. मशीन चालू असलं की ते फोन बंद ठेवतात. गडगडाटात ऐकू येत नाही म्हणून.

मी नौपाड्यात पोचले तोवर गठ्ठे बांधून झाले होते. सहदेवरावांनी वरची प्रत दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली. पान मोठं होतं, माझ्या सूचनेप्रमाणे. आणि त्या एवढ्या मोठ्या शुभ्र पानाच्या मधोमध, मुंग्यांची रांग जावी तसं, मोहरीएवढं अक्षर. मी चष्मा पुसला. अक्षर तेवढंच राहिलं. शेवटची ओळ वाचली. "जसा नावडत्या राणीला देव पावला, तसा तुम्हा आम्हांला पावो. रविवारी पाण्याची टाकी धुणार आहे, पाणी भरून ठेवावे."

प्रत्येक कहाणीखाली. तुळशीच्या, दिव्याच्या, गाईच्या, सगळ्यांच्या खाली.

"टाकीचं मला जरा वेगळं वाटलं," सहदेवराव म्हणाले. "पण म्हटलं, पाण्याचं महत्त्व सांगणारी नवी कहाणी असेल. प्रूफ पाठवलं होतं ना मी. आमचा जगन घेऊन गेला होता."

"कोण?"

"जगन. आमची पाकिटं पोचवतो. जो नेतो त्याचं नाव पाकिटावर घालतो आम्ही, म्हणजे हरवलं तर विचारता येतं. तुमचं नाव आत होतं."

जगन होता तर खरा, पण नौपाड्यात होता, आणि आमच्या इमारतीत तो फक्त फाटकापर्यंत आला होता.

घरी आले आणि सरळ साईनाथच्या दारात गेले. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या दारात न हसता उभी राहिले. म्हटलं, "भाऊजी, ते पाकीट माझं आहे. जगन छापखान्यातला माणूस. इथे कोणी जगन राहत नाही."

साईनाथ म्हणाला, "वहिनी, राहत नाही असं कसं म्हणता? मग मी नोटीस कोणाला दिली?"

"तेच म्हणते मी."

"हे बघा, पाकिटावर त्याचं नाव आहे. तुम्हाला हवं तर त्याच्याकडून लेखी आणा, की पाकीट यांना देण्यास हरकत नाही. मग मी लगेच देतो. आपलं काही वैर आहे का?"

ह्यांना माझी दया आली. त्यांनी ग्रुपवर स्पष्ट लिहिलं, "जगन नावाचे कोणीही आपल्या इमारतीत राहत नाहीत." त्यावर पहिलं उत्तर आलं, "कधी सोडून गेले?" दुसरं, "भेटायला हवं होतं, चांगले होते." रसिकाने हात जोडलेलं चित्र टाकलं. आणि एकाने विचारलं की त्यांची जागा भाड्याने द्यायची आहे का.

मी देवघरासमोर जाऊन बसले. जप करायला माळ घेतली, पण मणी पुढे सरकेना. आहे का विचारलं, तर झाला. नाही म्हटलं, तर सोडून गेला. नाव घेतलं की संपलं. तोंडाने "जगन" निघालं की इमारत मनातल्या मनात त्याच्यासाठी एक खोली रिकामी करते.

आणि मग मी माळ खाली ठेवली.

मी उठून संगणक लावला. दोन प्रश्न होते माझ्या मॅक्रोत. पहिला, या नावाचं कोणी आहे का? झीटेक म्हणालं, नाही. बरोबर म्हणालं, म्हणून पान मोठं आलं. पण उत्तर देता देता त्याने ते नाव आपल्याजवळ टिपून ठेवलं. रिकामं, कवडीचंही काम न करणारं, पण नाव. पुढे मी वेगळ्या शब्दांत विचारलं, या नावाची ओळख आहे का? तर म्हणालं, आहे की, मघाशीच ऐकलं. म्हणजे लुआ, म्हणजे मोबाइल, म्हणजे मोहरी आणि टाकी. माझ्या विचारण्यानेच ते नाव झालं होतं. यंत्र काही आमच्या सोसायटीपेक्षा वेगळं नव्हतं.

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. रोज देवाचं नाव घेणारी मी, आणि नाव घेण्यात एवढी ताकद असते हे मला टाकी धुण्याच्या सूचनेतून कळावं.

दुरुस्ती लहानशी होती. प्रश्न विचारायचा तर दार लावून, आतल्या आत विचारायचा. उत्तर तेवढं बाहेर आणायचं, नाव आतच विरून जाऊ द्यायचं. मी तसं केलं. आणि दुसरं, चूल कळली म्हणजे पंगत कळत नाही. चुलीवर केलेलं डब्यातही जातं आणि गॅसवरचं पानावरही वाढतात. इंजिनावरून कागद की मोबाइल हे ठरवणंच मुळात चुकलं होतं. सासूबाईंनी दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगितल्या होत्या, आळस करून मी त्यांची एक केली होती. आता चूल वेगळी विचारली, पंगत वेगळी.

पण द्वादशी दाराशी आलेली. सहदेवरावांना फोन केला तर ते म्हणाले, "वहिनी, तुळशीचं लग्न लागलं की माणसांची सुरू होतात. मशीनवर पत्रिकाच पत्रिका आहेत. द्वादशीनंतर कधीही या, मी स्वतः उभा राहून छापीन." त्यांचंही बरोबर होतं. पण मावशींचं उद्यापन पत्रिकांसाठी थांबणार नव्हतं.

दरम्यान छापलेले गठ्ठे आमच्या जिन्यात आले होते. साईनाथ खूश होता. एवढा खूश मी त्याला पाणी चोवीस तास आलं तेव्हाही पाहिला नव्हता. त्याने घरोघर प्रत वाटली. दुपारी ठमाबाईंकडे बायका जमल्या, भिंग घेऊन कहाणी वाचली, आणि शेवटची ओळ आली तेव्हा सगळ्यांनी हात जोडून अक्षता वाहिल्या. "टाकीची कहाणी मी पहिल्यांदाच ऐकली," ठमाबाई मला म्हणाल्या. "तुझ्या सासूने कधी सांगितली नाही हो." त्या रविवारी प्रत्येक घरात पाणी भरलेलं होतं हेही सांगायला हवं. कहाणी फळली, फक्त चुकीच्या माणसाला.

एकादशीला मी घरचा छोटा प्रिंटर पुसून मांडला. हे बघत होते. मग उठले, कागदाचा गठ्ठा घेतला, आणि एकेक कागद स्वतः हाताने सरळ करून आत सोडायला लागले. तो प्रिंटर दोन कागद एकदम ओढतो, त्याला भरवावं लागतं. आम्ही दोघंही उपाशी, आणि ते यंत्र मात्र दिवसभर खात होतं.

पहिलं पान आलं. मी ते ह्यांच्या हातात दिलं नाही, भिंतीला लावून धरलं आणि म्हटलं, "चष्मा काढा. तिकडे दाराशी जा. वाचा."

ते दाराशी जाऊन उभे राहिले. डोळे बारीक करून वाचायला लागले. राजा भातसा ओलांडतो तिथवर बिनचूक वाचलं. पुढे देव नावडत्या राणीपुढे प्रकट होतो आणि विचारतो, जेवलीस का.

"आई अगदी असंच म्हणायची," ते म्हणाले. मग चष्मा लावून पुन्हा प्रिंटरशी जाऊन बसले. "दे पुढचा कागद."

टाकी कुठेच नव्हती. मी शेवटच्या पानापर्यंत बोट ठेवून बघितलं. अक्षर हरभऱ्याएवढं, एखादं तर वाटाण्याकडे झुकलेलं. पानं जुळवून मी जाड दोऱ्याने शिवली. वर सासूबाईंच्या खणाचा तुकडा लावला, हिरवा, काठ थोडा विरलेला.

द्वादशीच्या सकाळी मी दिवा लावला, तुळशीला पाणी घातलं. पुस्तिका स्वच्छ पंच्यात गुंडाळून पिशवीत ठेवली. ह्यांनी दार धरलं.

फाटकाशी दगडूभाऊ खुर्ची पुसत होते. मला बघून उठले.

"वहिनी, एवढ्या लवकर? बरं झालं भेटलात. ते जगनसाहेब कुठे दिसले तर सांगा, त्यांचं पाकीट अजून ऑफिसात पडलंय. आणि त्यांच्या जागेसाठी काल एक जण बघायला आला होता."

माझं तोंड उघडलं होतं. दगडूभाऊ, असा कुणी माणूस, इथपर्यंत जिभेवर आलं होतं. मी थांबले. आधी बघितलं, चूल कुणाची. मग तोंड मिटलं, त्यांना नमस्कार केला, पिशवी छातीशी धरली आणि खडवलीची गाडी गाठायला स्टेशनच्या रस्त्याला लागले.